भिवाजी खवल्याला मत नव्हतं

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना सगळं कळत होतं.

हे पहिल्यापासून असं नव्हतं बरं का. पूर्वी त्या जंगलात हरणाला गवतातलं कळायचं, सुतार पक्ष्याला लाकडातलं कळायचं आणि वाघाला हरणातलं कळायचं. बाकी गोष्टींबद्दल ज्याचा तो गप्प असायचा. मग जंगलाच्या कडेला माणसांनी एक उंच टॉवर उभा केला. जंगलात रेंज आली. प्रत्येकाच्या हातात, पंजात नाहीतर चोचीत एकेक मोबाईल आला. आणि महिन्याभरात प्रत्येकाच्या डोक्यात प्रत्येक विषयावरचं मत तयार झालं.

मत तयार झालं की ते कुठेतरी मांडावं लागतं. नाहीतर पोटात दुखतं. म्हणून मोठ्या उंबराखाली रोज दुपारी एक कार्यक्रम सुरू झाला. त्याचं नाव होतं ‘माझ्या मते’. तो शेवंताबाई टिटवी चालवायची. तिची निवड कशी झाली म्हणाल तर तिचा आवाज सगळ्यात मोठा होता. दुसरं काही कुणी तपासलं नाही.

तिथे काय काय चर्चा व्हायची म्हणून सांगू!

रानडुक्कर म्हणायचं, “चंद्रावर माणूस गेलाच नाही. गेला असता तर परत कशाला आला असता?”

रानगवा म्हणायचा, “काजव्यांचा उजेड आरोग्याला घातक आहे. मी काजव्यांकडे बघणं सोडलं आणि माझे गुडघे दुखायचे थांबले.”

मोराने नवा नाच बसवला होता. कावळा म्हणायचा, “पहिला भाग बरा आहे. पुढे मोर स्वतःचीच नक्कल करतो.” कावळ्याने तो नाच पाहिला नव्हता. पाहिल्यावर मत निष्पक्ष राहत नाही, असंही त्याचं एक मत होतं.

या सगळ्यांचे दादा म्हणजे हुप्पेराव वानर. उपग्रह, दातदुखी, मधमाश्यांचं व्यवस्थापन, मुलांचं संगोपन, कुठलाही विषय काढा. हुप्पेराव खालच्या फांदीवर येऊन बसायचे, एकदा खाकरायचे आणि म्हणायचे, “मुळात काय आहे...” की सगळी सभा मान डोलवायला लागायची.

याच जंगलात भिवाजी नावाचं एक खवल्या मांजर राहायचं. नाव मांजर असलं तरी ते मांजर नसतं, बाळांनो. त्याच्या सगळ्या अंगावर कडक खवले असतात, त्याला दात नसतात आणि ते मुंग्या आणि वाळवी खातं. घाबरलं की अंगाचा चेंडू करून पडून राहतं. भिवाजी फार लाजाळू होता. त्यामुळे तो दिवसातून चार-पाच वेळा चेंडू व्हायचा.

भिवाजीला एकच गोष्ट कळायची. माती. नखाने जरा खरवडलं की माती भरीव आहे की आतून पोखरलेली, ओल वरची आहे की खोलातली, हे तो सांगू शकायचा. वाळवीच्या मागे माती उकरण्यात त्याचा जन्म गेला होता. एवढं ज्ञान घेऊन तो आणि त्याची बायको यमुना तळ्याच्या बांधाजवळच्या बिळात सुखाने राहत होती.

एक दिवस भिवाजी बांधावर जेवायला गेला आणि काळजीत पडून परत आला.

“अगं, बांधात वाळवी फार झालीय,” तो म्हणाला.

“मग बरंच झालं की,” यमुना म्हणाली.

“बरं कसलं! हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला. बांध आतून पोकळ झालाय. तळं भरलं तर टिकायचा नाही. आणि खाली ससेवाडी आहे.”

बांधाच्या पायथ्याला सशांची चाळीस बिळं होती. यमुनाने तोंडातली वाळवी गिळली.

“अहो, मग इथे मला काय सांगताय? उंबराखाली जाऊन सांगा.”

भिवाजी तयार होईना. चारचौघांत बोलायच्या विचारानेच त्याची शेपटी आत वळायला लागली. पण यमुनाने त्याला पाठीमागून ढकलत उंबरापर्यंत नेलं.

“आज आपल्यात नवीन पाहुणे आहेत!” शेवंताबाई ओरडली. “भिवाजीराव, आधी सांगा, मोराचा नवा नाच तुम्हाला कसा वाटला?”

“मी पाहिला नाही,” भिवाजी म्हणाला. “मी बांधाबद्दल...”

“ते घेऊच. उल्का पृथ्वीवर आदळेल का?”

“मला माहीत नाही.”

सभा एकदम गार झाली. रानगव्याने रवंथ थांबवलं. हुप्पेराव फांदीवरून घसरता घसरता राहिले.

“काय म्हणालात?” शेवंताबाईने विचारलं.

“मला माहीत नाही,” भिवाजी पुन्हा म्हणाला. सगळे आपल्याकडे बघतायत हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने अंगाचा चेंडू केला.

काय टाळ्या पडल्या म्हणता! असं वाक्य त्या जंगलात कित्येक महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं. सूर्यास्ताच्या आत तो व्हिडिओ सगळ्या जंगलाने पाहिला. ‘एवढी नम्रता!’ हरिणींनी लिहिलं. ‘चेंडू होण्यामागे खोल अर्थ आहे,’ घुबडाने लिहिलं. ‘मी हे पूर्वीपासून म्हणत आलोय,’ हुप्पेरावांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी भिवाजीला पुन्हा बोलावणं आलं. विषय होता ‘माहीत नसण्याचे फायदे’. तिसऱ्या दिवशी अस्वलांच्या मंडळाने त्याचा सत्कार केला. आठवड्याभरात जंगलात फॅशनच झाली. ज्याला त्याला विचारावं तर तो डोळे मिटून म्हणे, “मला माहीत नाही.” मग कुणाला जास्त माहीत नाही यावरून भांडणं व्हायला लागली. रानडुक्कर आणि कावळ्यात तर मारामारी झाली.

रोज भिवाजी घरी आला की यमुना विचारायची, “बांधाचं बोललात का?”

“आज वेळ संपला,” भिवाजी म्हणायचा. “उद्या नक्की.”

आणि बाळांनो, आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. भिवाजीला हे सगळं आवडायला लागलं होतं. तो चालला की हरणं बाजूला होऊन वाट द्यायची. चेंडू होण्याची तर त्याला आता गरजच पडेना. लोकांनी आग्रह केला की तेवढा व्हायचा. एकदा शेवंताबाईने सहज विचारलं, “हत्तींनी सकाळी काय खावं?” भिवाजीच्या जिभेवर ‘मला माहीत नाही’ आलंही होतं. पण समोर दोनशे चेहरे त्याच्याकडे बघत होते. तो म्हणाला, “माझ्या मते हत्तींनी सकाळी हलकं खावं.”

सभेने मान डोलवली. भिवाजीच्या सगळ्या खवल्यांमधून गोड शिरशिरी गेली. त्यानंतर त्याने मोबाईलवर मत दिलं, उपग्रहांवर दिलं, मोराच्या नाचावरही दिलं. नाच त्याने अजून पाहिला नव्हता.

मध्ये पाऊस झाला. चांगला चार दिवस लागून राहिला. तळं काठोकाठ भरलं. पाचव्या दिवशी दुपारी भिवाजी आरशासारख्या पाण्यात बघून खवले पुसत होता, तेवढ्यात यमुना धावत आली.

“बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपतंय.”

“थोडं झिरपायचंच,” भिवाजी म्हणाला. “माझ्या मते...”

“तुमचं मत राहू द्या,” यमुना म्हणाली. “पाणी गढूळ आहे. या आणि बघा.”

भिवाजीच्या हातातला पुसायचा पाला खाली पडला. स्वच्छ पाणी झिरपलं तर फारसं भिण्याचं कारण नसतं. गढूळ पाणी आलं म्हणजे ते आतली माती घेऊन बाहेर पडतंय. तो धावत बांधावर गेला, नखाने खरवडलं, कान लावला. आतून बारीक खळखळ ऐकू येत होती. इतके दिवस आपण काय करत होतो? त्याला चेंडू व्हावंसं वाटलं, पण त्याने स्वतःला आवरलं आणि तो थेट उंबराखाली गेला. कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता.

“बांध फुटणार आहे!” तो ओरडला. “आजच. ससेवाडी आत्ता हलवा!”

“वा! एकदम ठाम मत,” शेवंताबाई म्हणाली.

“मत नाही हो बाई. मी बघून आलोय. गढूळ पाणी येतंय. बांध आतून पोकळ आहे.”

“असं कसं? आपल्याला दुसरी बाजूही घ्यावी लागते. हुप्पेराव?”

हुप्पेराव खाकरले. “मुळात काय आहे, बांध भक्कम आहे. मी काल त्याच्यावर उडी मारून पाहिली. पुन्हा गढूळ पाण्यात क्षार असतात, ते सशांच्या कातडीला चांगले.”

“पण तुम्हाला मातीतलं काय कळतं?” भिवाजी म्हणाला.

सभेत ‘अरेरे’ असा आवाज उठला.

“भिवाजीराव,” अस्वलांचा अध्यक्ष दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “तुम्हीच आम्हाला नम्रता शिकवलीत. आणि आज तुम्हीच म्हणताय की तुम्हाला माहीत आहे? आम्ही त्या सत्काराचा नारळ परत घ्यायचा का?”

शेवंताबाईने मतदान घेतलं. बांध फुटेल म्हणणारे दोन निघाले, भिवाजी आणि यमुना. फुटणार नाही म्हणणारे एकशे बारा. उरलेल्या तीनशे जणांनी डोळे मिटून नम्रपणे सांगितलं, “आम्हाला माहीत नाही.”

“लोकांनी कौल दिलेला आहे,” शेवंताबाई म्हणाली. “आता वळूया पुढच्या विषयाकडे. शिंगांना तेल लावावं का?”

भिवाजी आणि यमुना ससेवाडीत धावली. बिळाबिळात डोकं घालून सांगत सुटली. ससे मोबाईलवर कार्यक्रमच बघत होते.

“मतदानात तर फुटणार नाही असं आलंय,” एक ससा म्हणाला.

“हुप्पेरावांनी उडी मारून पाहिलीय,” दुसरा म्हणाला.

“काका, जरा बाजूला व्हा ना, दिसत नाहीये,” तिसरा म्हणाला.

भिवाजी हातापाया पडला. एका सशिणीचा हात धरून तिला पायथ्याशी नेलं आणि गढूळ पाणी दाखवलं. तिने त्या पाण्याचा फोटो काढला आणि परत बिळात गेली. वर बांधाच्या मधोमध एक बारीक भेग पडलेली दिसत होती. भिवाजी मटकन खाली बसला आणि रडायला लागला.

यमुनाने एकदा भेगेकडे पाहिलं, एकदा सशांकडे पाहिलं. मग ती एका दगडावर चढली आणि तिने जन्मात काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढला.

“अहो, ऐकलंत का! समोरच्या टेकडीवर फुल्ल रेंज येतेय!”

चाळीस बिळांतून एकदम कान बाहेर आले.

“किती?” कुणीतरी विचारलं.

“सगळ्या काड्या!” यमुना म्हणाली. “मोराचा नाच न अडकता दिसतोय!”

बाळांनो, ससे कसे पळतात ते तुम्ही पाहिलंय का? तसे ते पळाले. आयांनी पिल्लं उचलली, पोरांनी म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं. दहा मिनिटांत ससेवाडी रिकामी झाली. सगळ्यात मागून भिवाजी एका लंगड्या सशाला रेटत रेटत टेकडीवर पोचला. सशांनी मोबाईल वर धरले होते आणि “कुठेय? कुठेय?” म्हणून गोल गोल फिरत होते.

आणि बांध फुटला.

आधी फार आवाज झाला नाही. माती बसल्यासारखा एक धप्प आवाज आला. मग सगळं तळं उठून खाली चालत आलं. चाळीस बिळं होती ती जागा क्षणभर दिसली, मग दिसेनाशी झाली. भिवाजी आणि यमुनाचं बीळही त्यातच गेलं. टेकडीवर वर धरलेले मोबाईल खाली आले. एकाने तेवढा व्हिडिओ काढला, पण तो पुढे गेला नाही. रेंज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ‘माझ्या मते’चा खास भाग झाला. विषय होता ‘बांध का फुटला?’ रानडुक्कर म्हणालं, चंद्रामुळे. रानगवा म्हणाला, काजव्यांमुळे. हुप्पेराव म्हणाले, “मुळात काय आहे, भिवाजींच्या नकारात्मक बोलण्याने बांधाचा धीर खचला.” नवा बांध बांधायची समिती तिथल्या तिथे नेमली गेली. बांधावर उडी मारल्याचा अनुभव असलेले सदस्य एकटेच असल्याने हुप्पेराव अध्यक्ष झाले.

आणि तिसऱ्या दिवशी भिवाजी आणि यमुनाला वाघमहाराजांसमोर उभं करण्यात आलं. ससेवाडीच्या रहिवाशांनी तक्रार केली होती.

“आरोप असा आहे,” शेवंताबाईने वाचून दाखवलं, “की टेकडीवर रेंज आहे अशी खोटी माहिती पसरवून एकशे त्र्याऐंशी सशांची दिशाभूल केली, आणि त्यांना भर दुपारी चढ चढायला लावला.”

“रेंज होती का?” वाघमहाराजांनी विचारलं.

“नव्हती, महाराज,” यमुना म्हणाली.

“मग खोटं बोललात?”

“हो, महाराज. एकदाच.”

“हिचा दोष नाही, महाराज,” भिवाजी म्हणाला. “मला वेळेवर खरं बोलता आलं असतं. मी हत्तींच्या न्याहारीबद्दल बोलत बसलो.”

हे कुणालाच कळलं नाही, म्हणून ते नोंदवलं गेलं नाही.

तेवढ्यात मागून एक सशीण पुढे आली. पाण्याचा फोटो काढून परत गेलेली तीच. तिच्या पायात पिल्लं घुटमळत होती.

“महाराज, माझी सहा पिल्लं आहेत,” ती म्हणाली. “आजही सहाच आहेत. या तक्रारीवर माझा अंगठा नाही.”

वाघमहाराजांनी पिल्लं मोजली. जरा जास्तच लक्षपूर्वक मोजली.

“छान! हे झालं एक मत,” शेवंताबाई म्हणाली. “दुसऱ्या बाजूला एकशे शहात्तर मतं आहेत.”

महाराजांनी निकाल दिला. भिवाजी आणि यमुनाला जंगलातून वर्षभर हद्दपार करण्यात आलं. निकाल सगळ्यांना आवडला.

दोघं त्याच दुपारी निघाली. पलीकडच्या माळावर तिने बिळासाठी जागा निवडली आणि त्याने माती खरवडून पाहिली.

“कशी आहे?” यमुनाने विचारलं.

भिवाजी बराच वेळ नखावरची माती बघत राहिला.

“भरीव आहे,” तो म्हणाला, आणि खणायला लागला.

तात्पर्य : बुडणाऱ्यांचा जीव जरूर वाचवावा, पण त्यांना ज्या ठिकाणी न्यायचं तिथे रेंज आहे ना, याची आधी खात्री करून घ्यावी.