पाटीतला शिळा बांगडा

माझ्या शिक्षणात कुणाचा हात आहे, असं कुणी विचारलं तर मी पहिलं नाव गुणामावशीचं घेते. पुस्तकं लिहिणारे, शिकवणारे सर, रविवारी माझ्यासाठी स्वतः भात लावणारा माझा नवरा, हे सगळे तिच्यानंतर. गुणामावशीला सही येत नाही. रत्नागिरीत आमच्या आळीच्या तोंडाशी, बंद पडलेल्या सोडावॉटरच्या कारखान्याच्या पायरीवर बसून ती मासळी विकते.

पण विकण्याची तिची रीत जगात दुसऱ्या कुणाची नसेल. ताज्या बांगड्यांच्या पाटीत ती रोज एक शिळा बांगडा ठेवते. मुद्दाम. वरच्या थरात, सहज हाताला लागेल असा. गिऱ्हाइकानं न बघता तो उचलला की झडप घालून काढून घेते आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणते, "ठेव तो खाली! डोळे काय कुंकवाला सोबत म्हणून दिलेत देवान?"

बरं, ताजा उचलला म्हणून सुटका होत नाही. कुठला, कधीचा, बर्फ लागलाय का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ती मासा देत नाही. घाईतला माणूस नुसता बोट दाखवून "ते चार द्या" म्हणाला, तर पाटीवर सरळ फडकं ओढते. "मुक्यान घेतलेला म्हावरा पोटात जाऊन भांडतो," हे तिचं ठरलेलं वाक्य. एकदा कुण्या साहेबाचा शिपाई बिनमाशाचा परत गेला. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले, तिन्ही प्रश्न विचारले आणि एक बांगडा वर घेऊन गेले. विचारणाऱ्याला ती नेहमीच एक वर घालते.

तिची दुसरी खोड मात्र आळीला सोसवत नाही. निघालेल्या माणसाला "कुठे" म्हणून विचारू नये, काम बिघडतं, हे आमच्या घाटावर पाळतात तसं इथंही पाळतात. गुणामावशी नेमकं तेच विचारते. कोर्टाच्या तारखेला निघालेला असो की मुलगी बघायला, पायरीसमोरून गेला की आलाच प्रश्न, "कुठं चाललास रे?" मग तो माणूस कपाळावर हात मारून घरी परततो, घोटभर पाणी पितो आणि मागच्या बोळातून पुन्हा निघतो. पावसात त्या बोळात घोटाघोटा चिखल असतो, पण शुभकार्याला निघालेली माणसं तिथूनच जातात.

मी बार्शीकडची. सातवीत शाळा सुटली, कारण घरात धाकटी भावंडं होती आणि आई शेतावर जायची. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर इथं आले. तो हातखंब्याच्या एका गॅरेजात ट्रक दुरुस्त करतो. पहिल्याच दिवशी मी मासळी आणायला गेले आणि अर्थातच शिळा बांगडा उचलला.

"कुठली गो तू?"

"बार्शीकडची."

"तिकडं दर्या नाय?"

"नाही."

"मग आज सोडला तुला. उद्या ये, इचारायला शिकून ये."

त्या रात्री आम्ही पिठलं खाल्लं. पुढं मी शिकले. तीन प्रश्न पाठ केले आणि पाढ्यासारखे म्हणून दाखवायला लागले. तिला ते कळत होतं. "पोपट झालाय माजा," म्हणायची, पण मासा द्यायची.

मग ते विद्यापीठाचं निघालं. शाळा अर्धी सोडलेल्यांनाही एक परीक्षा देऊन पदवीचा अभ्यास करता येतो, असं नवऱ्यानं पेपरात वाचलं आणि गॅरेजच्या तेलकट हातांनीच अर्ज आणला. मी परीक्षा दिली, पास झाले. पोस्टानं पुस्तकं आली. त्यांचा वास मी दोन दिवस नुसता घेत होते. सोबत कार्ड होतं : दर रविवारी सकाळी दहाला, शाळेच्या इमारतीत, ट्यूटोरियल.

ट्यूटोरियल म्हणजे काय हे कार्डावर नव्हतं. मला वाटलं, सर शिकवतील, आपण लिहून घ्यायचं. रविवारी सगळी आळी टीव्ही असलेल्या एकुलत्या एका घरात मालिका बघायला जमली होती, तेव्हा मी नवीन वही घेऊन वर्गात गेले. तारीख घातली, पट्टीनं समास आखला. मुळ्ये सर आले. पॅंटच्या पायाला सायकलची क्लिप तशीच. फळ्याकडे गेलेच नाहीत. आमच्यासमोरच्या बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "बोला."

मी लिहून घेतलं. त्या दिवसाच्या माझ्या वहीत अजून एवढंच आहे : तारीख, समास आणि 'बोला'.

दुसऱ्या रविवारी मी धडा तोंडपाठ करून गेले, स्वल्पविरामासकट. सरांनी धडा विचारलाच नाही. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं, तेही थेट माझ्याकडे बघून. मी हाताची घडी घालून उभी राहिले. आमच्या शाळेत गुरुजी प्रश्न विचारायचे ते छडी हातात घेऊन, आणि मला काय वाटतं हे तर आजवर कुणीच विचारलं नव्हतं. शेजारी ट्रेझरीतले घाणेकर कारकून खाकरले. मी खाली बसले.

घरी येताना माझी खात्री पटली की ट्यूटोरियल ही चाळण आहे. अर्जात 'शिक्षण : सातवी' लिहिलेली माणसं त्यातून खाली पाडायची, म्हणून हा घाट. पुढच्या रविवारी तोंड उघडलं नाही तर नाव काढतील. उघडलं तर माझी घाटावरची बोली ऐकून हसतील आणि मग काढतील. त्यापेक्षा आपणच सुटावं. शनिवारी मी सगळी पुस्तकं सुतळीनं बांधली, सोमवारी पोस्टात टाकायची म्हणून, आणि संध्याकाळी मासळी आणायला गेले.

पाटीसमोर उभी राहिले, पण तीन प्रश्न काही तोंडातून निघेनात.

"ए घाटावरचे, आज पोपट कुठं उडाला?"

मला रडूच फुटलं. पायरीवर तिच्याशेजारी बसून मी सगळं सांगितलं. पुस्तकं बांधली तेही सांगितलं. तिनं ऐकलं, हातातली माशी वारायची झावळी थांबवली आणि चौकशी सुरू केली.

"मास्तर उभा ऱ्हवतो का बसतो?"

"बसतात. बाकावर."

"समोर काय ठेवतो?"

"कागद देतात कधी. एखादा मजकूर."

"मग येडे, तो इकायला बसलाय! इकणारा 'बोल' म्हणतो तवा गिऱ्हाइकान काय समास आखायचा?"

"पण माझं चुकलं तर, मावशी?"

"चुकला तर चुकला! ह्या पाटीतला शिळा बांगडा आजवर सगळ्या आळीन उचललान. कोण मेला?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "मी तो कशाला ठेवतंय? नुसत्या ताज्यावर डोळे शिकत नाय गो. उचल, कल्ला उघडून बघ, लाल हाय का काळा पडलाय. नि इचार. पाठ केलेला नको, मनात येल ता इचार."

रविवारी सकाळी मी सुतळी सोडली. मागच्या बोळातून जाता आलं असतं, पण पायरीसमोरूनच गेले. ती वाटच बघत होती.

"कुठं चाललीस गो?"

"वर्गाला," मी म्हटलं. "विचारायला."

सरांनी त्या दिवशी सायक्लोस्टाइल केलेला एक कागद वाटला. मजकूर झकास होता, भाषा पुस्तकासारखी. सगळे माना डोलवत होते, घाणेकर तर लाल पेन्सिलीनं रेघा ओढत होते. मधेच एक वाक्य होतं : खेड्यातील पुरुष मुंबईला जातात, कारण त्यांना कष्टाचा कंटाळा असतो. मी ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं. वास आला. हात वर कधी गेला कळलं नाही, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"सर, ह्याचे कल्ले बघायचेत."

वर्ग हसला. घाणेकरांची पेन्सिल खाली पडली. माझे कान तापले, पण आता मागं फिरायला बोळ नव्हता.

"म्हंजी, हे वाक्य कुठनं आणलं? कधीचं हाय? कुणी जाऊन बघितलं का?" बोली सुटली होती, ती सुटू दिली. "माझा भाऊ मुंबईत गोदीत पोती उचलतोय. कष्टाचा कंटाळा असता तर बार्शीतच बसला असता की. रान कोरडं पडलं म्हणून गेला त्यो. हे लिहिणाऱ्यानं त्याला विचारलं का?"

मुळ्ये सर हसले नव्हते. ते बाकावरून उठून उभे राहिले होते.

"हेच," ते म्हणाले. "ह्याच वाक्यासाठी कागद काढला होता. बाकीचा मजकूर ताजा आहे, हे एक मी मुद्दाम घातलं." मग माझ्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही मासळी गुणाबाईकडून घेता काय?"

"हो."

"मीही घेतो. परवाच शिळा उचलला."

त्यानंतर घाणेकर माझ्याशी चांगली वीस मिनिटं भांडले. सगळेच काही नाइलाजानं जात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी हरले नाही, तेही हरले नाहीत, आणि सर मधे पडले नाहीत. भांडता भांडता मला कळलं की हेच ट्यूटोरियल. चाळण नव्हे, पाटी. आणि माझी सातवी कुणी विचारलीसुद्धा नाही.

दुपारी मी जवळजवळ पळतच पायरीशी आले. मासळी संपली होती. मावशी नखानं हातावरचे खवले काढत बसली होती. मी सगळं सांगितलं. शाबासकी देणं तिच्या स्वभावात नाही. "हूं," म्हणाली, "घाटावरून येवन कल्ला वळखलास." पण तिनं सरकून मला पायरीवर सावलीतली जागा दिली.

विचारायची सवय ताजी होती. मी म्हटलं, "मावशी, निघालेल्या माणसाला तू कुठं म्हणून का विचारतेस? सगळे नावं ठेवतात."

तिनं हातावरचं शेवटचं खवलं काढून टाकलं.

"ह्यांनी होडी काढली तवा मी दारात उभी होते," ती म्हणाली. "निघालेल्या माणसाला इचारायचा नसतो, म्हणून इचारला नाय. शकुन पाळला मी. दुसऱ्या दिवशी लोक शोधायला होड्या काढून उभे. मला इचारलानी, कुठल्या अंगाला गेला? भाट्याच्या का मिऱ्याच्या?" तिनं हात झटकले. "मला काय ठावक? मग अर्धे इकडं गेले, अर्धे तिकडं."

तिनं रिकामी पाटी पायरीवर उपडी घातली.

"इचारला असता तर सांगितलान असतान," ती म्हणाली. "सांगणारा माणूस होता."

आज मी दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका मी आधी पायरीवर नेली. तिनं ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि "हे कुणी दिलान? कधीचा?" असं विचारून मगच परत केली. आळीतली माणसं अजून मागच्या बोळातून जातात. मी आणि माझा नवरा जात नाही. रविवारी मी पायरीसमोर मुद्दाम चपलेचा बंद नीट करत थांबते, तिनं विचारावं म्हणून. आणि मग सगळं सांगते : कुठं चालले, कोणता धडा आहे, कोणत्या वाटेनं येणार.

"दीडला परत येते, मावशी."

ती मान हलवते आणि पाटीकडे वळते. दीड वाजून गेल्यावर मी कधी आले, तर पाटी रिकामी होऊनही ती तिथंच बसलेली असते.

पदवी मिळवीन, हे तर मी स्वतःला सांगितलंच आहे. पण त्याहून मोठं एक राहिलंय. गुणामावशी, तुझं हे मी एक दिवस फेडीन. कसं, ते अजून सुचलेलं नाही. पण तू विचारल्याशिवाय राहायची नाहीस, आणि तुझ्यासमोर पाठ केलेलं उत्तर चालत नाही.