तीन डब्यांचं उरलेलं ऑइल

सासऱ्यांच्या गाडीत ऑइल कमी आहे हे योगेशने इंजिनातली मापाची काडी काढून पाहिलं, तिथवर सगळं ठीक होतं. पण नवा डबा आणायला दुकानापर्यंत जायचा त्याला कंटाळा आला आणि पार्किंगमधल्या फळीवर तीन जुने डबे दिसले. एकात पातळ ऑइल, एकात घट्ट, तिसऱ्यावर डिझेल जीपचं चित्र. तिन्हींच्या तळाचं ऑइल त्याने इंजिनात ओतलं, काडीवरची खूण गाठली, किल्ली सासऱ्यांना, म्हणजे रावसाहेबांना, परत दिली आणि तो खराडीला ऑफिसात गेला.

दुपारी कॅन्टीनमध्ये ही हुशारी त्याने सांगितली, तेव्हा त्याच्या टीममधल्या ऋषीचा घास हातातच राहिला.

"तिन्ही मिक्स केलीस? अरे, आत पिठलं होतं त्याचं! गरम झालं की इंजिन जॅम. चालत्या गाडीत."

"चालत्या?"

"घाटात तर हमखास."

आणि उद्या घाटच होता. त्याची बायको दीपमाला तिच्या आईबरोबर नात्यातल्या साखरपुड्यासाठी आधीच साताऱ्याला गेली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे रावसाहेबांना गाडी चालवायला मनाई, म्हणून त्यांना नेण्याचं काम जावयाकडे आलं होतं. ऑइल बदलून आणावं, तर किल्ली मागताना कारण सांगावं लागणार. तीस वर्षं हडपसरच्या कारखान्यात फोरमन असलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

शनिवारी सकाळी कात्रज मागे पडलं आणि घाट सुरू झाला. पिठलं व्हायच्या आत घाट ओलांडायचा, एवढंच योगेशच्या डोक्यात होतं. त्याने गाडी दामटली. एका वळणावर ट्रकला मागे टाकलं, दुसऱ्यावर एस.टी.ला. कान इंजिनाकडे, रस्त्याकडे जमेल तसं लक्ष.

"बाबा, कसला आवाज येतोय?"

"समोर बघा," रावसाहेब म्हणाले.

खिडकीवरची मूठ त्यांनी घट्ट धरली होती, पाय पुढे रोवले होते. त्यांना आवाज कळलाय, योगेशच्या मनात आलं, आणि त्याने आणखी वेग घेतला. समोरून टँकर कर्कश भोंगा वाजवत अगदी घासून गेला. रावसाहेबांनी डोळे मिटले.

बोगद्यानंतर उतारावर जळका वास आला. झालं, संपलं! शिंदेवाडीजवळ गॅरेज दिसताच योगेशने गाडी आत घातली आणि मिस्त्री जवळ यायच्या आत सासऱ्यांपुढे सगळं ओकून टाकलं. तिन्ही डबे, पिठलं, सगळं.

बजरंग मिस्त्रीने काडी काढून बोटावर ऑइल चोळलं, चाकांपाशी वाकून वास घेतला.

"तिन्ही इंजिनचीच हायत न्हवं? मग लगेच काय बिघडत न्हाई. पुण्याला गेल्यावर बदलून टाका. वास ब्रेकचा येतोय. घाट उतरलाय का उडी मारलीय?"

योगेशला रडू यायचं बाकी होतं. "बाबा, ऐकलंत? काही झालेलं नाही!"

रावसाहेबांचा चेहरा मात्र उतरला.

"नीट बघितलंस का रे? बंद नाही पडणार?"

"सातारा काय, कोल्हापूर गाठंल."

"अरेरे," रावसाहेब पुटपुटले. "वास आल्यापासून तेवढी एकच आशा धरून बसलो होतो."

मग त्यांनी मागच्या सीटवरची आपली पिशवी उचलली आणि मिस्त्रीला विचारलं, "साताऱ्याची एस.टी. इथं हात केला की थांबते ना?"