मॉर्फियाची सुई कोणाला द्यावी?

दुखणे शरीरात होत असले, तरी ते खरे ठरते कागदावर. हे ज्यांना उमगले त्यांनी १९५४ साली भोरकडच्या एका दवाखान्यात मॉर्फियाचा नियम केला.

नियम सोपा आहे, चौथीतल्या मुलालाही समजेल. रुग्णाचे ओरडणे खोलीच्या दारापर्यंत पोचले तर गोळी, व्हरांड्यापर्यंत पोचले तर पातळ औषध आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत पोचले तर सुई. (डॉक्टरांना डाव्या कानाने कमी ऐकू येई. त्याची तरतूद नियमात नव्हती.) टोचण्याआधी "दुखते काय?" असे विचारून उत्तर वहीत लिहायचे. एकदा भरलेली सुई वाया घालवायची नाही.

उदाहरण घेऊ. हिर्डोशीच्या वरच्या वाडीतला कोंडिबा धनगर शेळीमागे धावताना कड्यावरून पडला. मांडी मोडली, तीन बरगड्या गेल्या. चौघांनी घोंगडीच्या झोळीतून आणला. जगतो की नाही याची खात्री नव्हती, आणि श्वास घेतला तरी कळ मस्तकात जाई. पण पायाशी सासरे गेनबा बसलेले, आणि सासऱ्यादेखत जावई कण्हत नाही, ही वाडीची रीत.

"दुखते काय?" कंपाउंडरने विचारले.

कोंडिबाने ओठ चावला. "न्हाई. बरं हाय."

(वहीत : आराम.)

"आबा, तुमी वाईच भाईर बसा की," त्याची बायको रतनबाई बापाला म्हणाली.

"म्या हितं हाय म्हनून तर त्याला धीर हाय, येडे!"

"आवं, तुमची शेळी सुटली बगा!"

जावयाला दूध मिळावे म्हणून आणलेली शेळी! गेनबा धावले. त्याबरोबर कोंडिबाने अशी किंकाळी फोडली की ती डॉक्टरांच्या डाव्या कानातही शिरली. ते सुई भरूनच आले. तेवढ्यात शेळी जागच्या जागी पाहून गेनबाही परतले.

"दुखते काय?"

"न्हाई. बरं हाय."

"खोटं बोलत्यात वो! त्येंचा व्हट बगा, रगत आलंय!" रतनबाईने हंबरडा फोडला.

हातात भरलेली सुई, समोर ओरडणारी व्यक्ती. डॉक्टरांनी नियम पाळला. थोड्याच वेळात रतनबाई भिंतीला टेकून झोपी गेली. (वहीत : ओरडणे थांबले. उत्तम गुण.)

कोंडिबा छताकडे बघत राहिला. संध्याकाळी वाडीचे अकरा जण भेटायला आले. प्रत्येकाने "बरं हाय न्हवं?" असे विचारले, प्रत्येकाला "बरं हाय" असे उत्तर मिळाले, आणि अकराही जण हलक्या मनाने घरी गेले.

तुम्हाला हसू आले असेल. मागच्या खेपेला तुम्ही आजाऱ्याला भेटायला गेला होतात, तेव्हा काय विचारलेत, त्याने काय सांगितले, आणि घरी येऊन तुम्हाला सुईवाचून किती छान झोप लागली, तेवढे फक्त आठवून पाहा.