अनुपम लिमयांचे सीमोल्लंघन

कर्जतच्या भिसेगावात राहणाऱ्या अनुपम लिमये यांचा संगणक गेल्या दसऱ्याच्या सुमारास सेवानिवृत्त झाला. त्याला काहीही झालेले नव्हते. तो सकाळी सुरू होत असे, गाणी वाजवत असे, विजेचे बिल भरत असे. पण पडद्यावर सूचना आली, की त्याच्यातल्या जुन्या विंडोजला यापुढे संरक्षण मिळणार नाही आणि नव्या विंडोजसाठी सदर यंत्र अपात्र आहे. धडधाकट माणसाला वयाच्या दाखल्यावरून घरी बसवण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे, त्यामुळे कोणालाही आश्चर्य वाटले नाही.

अनुपम पतसंस्थेत नोकरीला होता आणि संगणक हा त्याचा छंद होता. चालू असलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याची पत्नी ऋजुता डोंगरावरच्या एका वाडीत प्राथमिक शिक्षिका होती. रस्ता जिथे संपतो तिथून पुढे ती रोज गुडघा धरून चढत असे. यंदा बदलीचे पोर्टल उघडणार होते, दहिवलीच्या शाळेत जागा होती आणि दहिवली घरापासून सपाट रस्त्यावर होती. एवढीच तिची महत्त्वाकांक्षा होती.

लिनक्स ही फुकट आणि मुक्त प्रणाली अनुपमला एकट्याने बसवता आली असती. पण एकट्याने मुक्त होणे मराठी माणसाला जमत नाही, त्याला कार्यकारिणी लागते. ती ‘मुक्त संगणक प्रसारक मंडळ, कर्जत-खालापूर’ या नावाने उपलब्ध होती. अध्यक्ष दशरथ सर हे निवृत्त मुख्याध्यापक. उपाध्यक्ष पोपट हा साजगावच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्ती करी आणि मंडळाचे प्रत्यक्ष काम त्यालाच करावे लागत असल्याने त्याला भाषणाची संधी मिळत नसे.

दसऱ्याचा मुहूर्त ठरला. संगणकाला झेंडूची माळ घालण्यात आली, कीबोर्डवर आपट्याची पाने ठेवण्यात आली. गुलामीची सीमा ओलांडल्याशिवाय सोने लुटता येत नाही, असे अध्यक्ष बोलले. मग पोपटने पेनड्राइव्ह लावला.

“शेठ, जुनी विंडोज एका कोपऱ्यात ऱ्हाऊ दे का? जागा हाय भरपूर. कंदीमंदी कामाला येल.”

अनुपमने अध्यक्षांकडे पाहिले.

“मंडळाच्या घटनेत दुहेरी निष्ठेला जागा नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“पुसून टाक,” अनुपम म्हणाला.

“अरे, माझं बदलीचं भरायचंय त्याच्यावर,” ऋजुता श्रीखंडाच्या वाट्या घेऊन येत म्हणाली.

“ते ऑनलाइन असतं गं. ऑनलाइनला सगळं सारखंच.”

पोर्टल उघडले. पोर्टलला सगळे सारखे नव्हते. ‘आपली कार्यप्रणाली मान्यताप्राप्त नाही. कृपया विंडोज वापरावे,’ असे त्याने कळवले. मोबाइलवरून गेल्यास ‘कृपया संगणकावरून यावे’ असे उत्तर मिळे. म्हणजे ज्याच्याकडे जे नसेल ते घेऊन यायचे, एवढा साधा नियम होता.

अनुपमने मंडळाच्या गटावर प्रश्न टाकला. सर्वप्रथम, नवीन सभासदांनी प्रश्न विचारण्यापूर्वी मागील सर्व उत्तरे वाचावीत, अशी समज त्याला देण्यात आली. त्याने ती वाचली. त्यानंतर खालापूर शाखेने त्याने बसवलेल्या प्रकारचे लिनक्स मुळातच चुकीचे असल्याचे जाहीर केले. कर्जत शाखेने निषेध नोंदवला. खालापूरच्या मताला मान देऊन अनुपमने लिनक्स बदलले, तेव्हा कर्जतचे लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. कर्जतच्या मताला मान देऊन त्याने परत पहिले बसवले, तेव्हा खालापूरने वेगळे मंडळ काढले. पोर्टलचे उत्तर दोन्ही वेळी तेच होते. अखेर पोर्टलच्या पक्षपाताविरुद्ध निवेदन देण्यासाठी उपसमिती नेमण्यात आली आणि दिवाळीमुळे तिची बैठक पुढे गेली.

“मी नाक्यावरच्या दुकानात जाऊन भरून येते ना,” ऋजुता म्हणाली.

“नाक्यावर? विंडोजवर? मंडळातले लोक काय म्हणतील? दोन दिवस दे. उपसमिती बसतेय.”

ऋजुताने दोन दिवस दिले. तिला राग आला होता, पण नवरा इतक्या मनापासून काही करताना तिने लग्नानंतर प्रथमच पाहिला होता, म्हणून तिने दिले.

शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर ती डोंगर उतरून थेट नाक्यावर गेली. दुकानदार सुनिताताईंच्या संगणकावर एक चक्र फिरत होते. खाली लिहिले होते, अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नये.

“दुपारपासून फिरतंय बाई,” सुनिताताई म्हणाल्या. “आता माझ्या हातात काय आहे? बसा, चहा मागवते.”

चहा झाला, चक्र फिरतच राहिले आणि पोर्टल बंद झाले. ऋजुता घरी आली तेव्हा पोपट तिथे लिनक्स पाहायला आला होता. झालेला प्रकार ऐकून तो कळवळला.

“वैनी, माज्याकडं यायचं ना. माज्या कोपऱ्यात विंडोज हाय की. मंडळात समद्यांच्याकडंच हाय. दशरथ सरांच्या ल्यापटापात तर दुसरं कायच नाय.”

सोवळ्याच्या घरात अंड्याचे भांडे बाल्कनीत वेगळे ठेवलेले असते, तशी ही सोय होती. ते भांडे सगळ्यांकडे होते. अध्यक्षांचे भाषण खरे मानून ते फेकून देणारा तालुक्यात एकटा अनुपम निघाला.

“मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?” ऋजुताने विचारले.

“शेठनी गटावर इचारलं ना. मंडळात इचारलं, की मंडळाचंच उत्तर द्यावं लागतं. मला एकट्याला इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

बदलीचे आदेश यथावकाश आले. पसंतीक्रम न भरल्यामुळे श्रीमती लिमये यांना कोणतीही शाळा सारखीच प्रिय आहे असे गृहीत धरून त्यांना आणखी वरच्या वाडीत पाठवण्यात आले. मंडळाने अनुपमला ‘एकनिष्ठ सभासद’ म्हणून शाल दिली. शाल घेतल्यावर महिन्याभरात त्याने नवा लॅपटॉप घेतला. त्यात विंडोज होते, पण ते केवळ पतसंस्थेच्या कामापुरते. मुक्त झालेला जुना संगणक मंडळातर्फे एखाद्या गरजू शाळेला भेट द्यावा असे ठरले, आणि सर्वांत गरजू शाळा शोधण्यास फार त्रास पडला नाही.

तो संगणक ऋजुताच्या नव्या वाडीतल्या लडकूने डोक्यावरून वर नेला. मंडळ मागाहून, थांबत थांबत आले. फलक लागला, नारळ फुटला.

“बाई,” लडकूने घाम पुसत ऋजुताला विचारले, “हितं लाइट नाय. ह्यो चालल कशावर?”

“तो पुढचा टप्पा,” अध्यक्ष परस्पर म्हणाले.

आभार मानायचे काम अर्थातच बाईंकडे होते. ऋजुता गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

“हा संगणक मुक्त आहे,” ती म्हणाली. “त्याच्या मुक्तीसाठी मी रोज इथे चढून येते. येत राहीन. मंडळाची आभारी आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अनुपमने सर्वांत जास्त वाजवल्या. फोटो निघाले आणि मंडळ खाली उतरण्यापूर्वीच ते सगळीकडे पोहोचले.

तुम्हीही तो फोटो पाहून अंगठा दिला आहे. नीट आठवा. त्या वेळी घरातले कोणीतरी शेजारी उभे राहून तुमच्याकडून काहीतरी भरून मागत होते, आणि मोबाइलवरून नजर न काढता तुम्ही म्हणालात, दोन दिवस दे.