वाट क्रमांक चार : अठ्ठेचाळीस मिनिटे

डोंगराची माहिती लिहायला डोंगरावर जावे लागते, ही मिनिटरावांच्या मते निव्वळ अंधश्रद्धा होती. बस खात्याच्या वेळापत्रक विभागात एकवीस वर्षे काढलेल्या माणसाला नकाशा, फूटपट्टी आणि दोऱ्याचे रीळ एवढे पुरे. मिनिटराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. कचेरीत कुणी "पाचेक मिनिटांत येतो" म्हणाला, की ते मान वर न करता विचारायचे, "पाच की सहा?" त्यावरून हे नाव पडले आणि चिकटले.

तर या मिनिटरावांनी तीन महिने खपून एक पुस्तिका लिहिली. बसने जायचे, डोंगर चढायचा, उतरायचा आणि बसनेच परत यायचे, अशा बारा वाटा. पद्धत सोपी. नकाशावरच्या वाटेवर दोरा अंथरायचा, तो पट्टीवर मोजायचा आणि ताशी पाच किलोमीटरने भागायचे. वाट क्रमांक चार : चढ अठ्ठेचाळीस मिनिटे, उतार अठ्ठेचाळीस मिनिटे. बसला जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, मग माणसाने वेगळे लाड का करून घ्यावेत?

"तुम्ही कधी डोंगर चढलाय?" बायकोने विचारले.

"प्रश्न चढण्याचा नाही, हिशेबाचा आहे."

"आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो. तुम्ही रोज दुसऱ्यावर थांबता."

"नोटीस वाचायला थांबतो. रहिवाशांनी वाचावी म्हणूनच लावलीय ना ती?"

"काय लिहिलंय तिच्यात?"

"पाण्याचं काहीतरी."

बायको इमारतीच्या समितीची सचिव होती. ती नुसती हसली. हे आपल्या नागरिकत्वाचे कौतुक आहे, असे मिनिटराव धरून चालले.

खरी गोष्ट अशी, की त्यांना पुस्तिकेवर आपले नाव हवे होते. एकवीस वर्षांत त्यांनी केलेली वेळापत्रके गावोगावच्या थांब्यांवर लागली आणि लोकांनी त्या कागदांसमोर उभे राहून शिव्या दिल्या, पण त्या नेमक्या कुणाला द्यायच्या हे कुणालाच ठाऊक नव्हते. सूचनांखाली मिनिटरावांची सही असायची खरी, पण ती कोंबडीने शाईत पाय बुडवून चालावे तशी. एकदा तरी मुखपृष्ठावर, ठळक अक्षरांत, वाचता येईल असे आपले नाव पाहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती इतकी तीव्र होती की मुखपृष्ठाचा नमुना त्यांनी स्वतःच काढून उशाशी ठेवला होता.

पुस्तिका विभागप्रमुख बाईंकडे गेली. बाई शिस्तीच्या. पाहिल्याशिवाय कशावरही सही करायच्या नाहीत, अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांनी स्वतःच पसरवली होती.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "पण मी पाहिल्याशिवाय सही करत नाही. रविवारी आपण चार नंबरची वाट चालू. पुस्तिका खरी निघाली तर तुमच्या नावानं छापू."

"चालू?" मिनिटरावांनी विचारले. "म्हणजे पायांनी?"

रविवारी सकाळी आठ चाळीसला बस पायथ्याशी पोचली. पुस्तिकेतही आठ चाळीसच होते. मिनिटरावांनी बाईंकडे असे पाहिले, की जणू बस आपणच पाठीवरून आणली होती. बाईंनी घड्याळातला काटा जुळवला आणि चालायला सुरुवात केली.

नकाशावर तपकिरी रंगाच्या बारीक बारीक रेषा असतात. त्या सजावटीसाठी छापतात असा मिनिटरावांचा आजवर समज होता. ती चढण होती, हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळले. दोरा जिथे सरळ पडला होता, तिथे वाट सात वेळा वळत होती आणि प्रत्येक वळणावर आधीपेक्षा वर जात होती. बाई पुढे, मिनिटराव मागे, आणि मिनिटरावांचा श्वास त्यांच्याही बराच मागे.

एका झाडाखाली बाई थांबल्या. "अठ्ठेचाळीस मिनिटं झाली. शिखर कुठाय?"

शिखर वरून दोघांकडे बघत होते. अजून अर्धेही अंतर झाले नव्हते.

"हा थांबा आहे," मिनिटराव खडकावर बसकण मारत म्हणाले.

"पुस्तिकेत नाहीये."

"विनंती थांबा आहे, बाई. प्रवाशानं विनंती केली तरच."

"विनंती कुणी केली?"

"मी."

वेळापत्रक विभागाचा एक जुना रिवाज आहे. एखादी बस रोज दहा मिनिटे उशिरा येत असेल तर बसला काही म्हणायचे नाही, वेळापत्रक बदलायचे. मिनिटरावांनी तो डोंगराला लावला. खिशातून पेन्सिल काढली आणि पुस्तिकेत 'सुधारित वेळ' लिहिली. मग पुढच्या वळणावर सुधारित वेळ खोडून 'पुनर्सुधारित' लिहिली. वर पोचेपर्यंत पानावर इतकी खाडाखोड झाली होती, की मूळची वाटही दिसेना. चढायला दोन तास पन्नास मिनिटे लागली.

"उतार मात्र अठ्ठेचाळीसच?" बाईंनी डबा उघडता उघडता विचारले.

"उताराचं वेगळं पाहू," मिनिटराव म्हणाले. त्यांना गुडघे काय करणार आहेत याची अजून कल्पना नव्हती. उतरताना ते काही ठिकाणी चालले, काही ठिकाणी बसून सरकले आणि एके ठिकाणी बाईंच्या छत्रीला धरून आडवे उतरले. आपले मुखपृष्ठ प्रत्येक पावलाला थोडे थोडे फाटते आहे, असे त्यांना वाटत होते. त्यांना रडू यायचेच बाकी होते.

पाचला दहा कमी असताना दोघे पायथ्याच्या थांब्यावर पोचले. डांबरी रस्ता आणि थांब्याचा खांब दिसताच मिनिटरावांच्या अंगात जीव आला.

"बाई, वाट निसर्गाची आहे, तिथं थोडं मागंपुढं होणार. पण बस आपली आहे. पाच दहा म्हणजे पाच दहा. बाराही वाटांवरून परतायला हीच शेवटची बस, पुस्तिकेचा कणाच."

"तेवढी वेळ जुळली तर विचार करता येईल," बाई म्हणाल्या. त्याही आता थकल्या होत्या.

शेजारच्या दगडावर एक म्हातारी दोन शेळ्या घेऊन बसली होती. ती मिनिटरावांचे बोलणे मन लावून ऐकत होती. पाच दहा झाले. पाच वीस झाले.

"उशीर का?" बाई म्हणाल्या.

"वाहतूक असेल."

रस्त्याच्या मधोमध एक शेळी झोपली होती. तिला कुणी उठवायला आले नव्हते.

साडेपाचला म्हातारीने विचारले, "कुठली बस म्हणालात?"

"पाच दहाची."

"ती तर महिन्यामागं बंद झाली. खांबाच्या पलीकडं कागद लावलाय की."

"मग मघाशीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या खात्रीनं सांगत होता," म्हातारी म्हणाली, "मला वाटलं परत सुरू केली."

दोघे खांबाच्या पलीकडे गेले. प्रवासी मिळत नसल्याने पाच दहाची फेरी रद्द करण्यात येत आहे, असे कागदावर होते. खाली कोंबडीचे पाय. मिनिटरावांनी ते लगेच ओळखले. सकाळच्या फायलीत ते रिकाम्या बस रद्द करत आणि दुपारच्या फायलीत त्याच बसने लोकांना डोंगरावर पाठवत. दोन फायली दोन वेगळ्या खणांत होत्या, त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

"ही तुमची सही," बाई म्हणाल्या.

"हो." मिनिटरावांनी मान खाली घातली, आणि मान खाली घातल्यामुळेच त्यांना त्या सहीखालची सही दिसली. ती वळणदार होती, स्वच्छ वाचता येत होती आणि बाईंची होती.

बाईंनीही ती पाहिली. पाहून केली होती का, असे विचारण्याचा मोह मिनिटरावांनी गिळला. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी केलेले ते सर्वांत शहाणपणाचे काम होते.

हमरस्ता नऊ किलोमीटरवर होता. दोघे निघाले. दोन किलोमीटर झाल्यावर बाई म्हणाल्या, "त्या कागदाबद्दल कचेरीत बोलायचं नाही."

"कुठला कागद?"

"छान. पुस्तिका छापू. मुखपृष्ठावर तुमचं नाव, ठळक."

मिनिटरावांचे डोळे भरून आले. गुडघेसुद्धा क्षणभर दुखायचे थांबले.

"उरलेल्या अकरा वाटा तुम्ही स्वतः चालून वेळा दुरुस्त केल्यावर," बाई पुढे म्हणाल्या. "दर रविवारी एक. आणि उद्या ती पाच दहाची सुरू करा. प्रवासी नव्हता म्हणून बंद केली होती ना? आता एक कायमचा आहे."

घरी पोचायला साडेदहा झाले. मिनिटराव कठडा धरून पहिला मजला चढले, दुसरा चढले आणि नोटिशीखालच्या पायरीवर मटकन बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ती खरोखर वाचली. 'नोटीस वाचण्याच्या निमित्ताने जिन्यात थांबून येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडवू नये.' तारीख दोन वर्षांपूर्वीची. खाली सचिव म्हणून बायकोची सही.

"आलात का?" वरून बायकोचा आवाज आला. "किती वेळ आहे अजून?"

"पाचेक मिनिटं," मिनिटराव म्हणाले.

वर दाराची कडी वाजली.

"पाच की सहा?" बायकोने विचारले.