चिकण्याची चिठ्ठी

कोशकारांनी तीस वर्षांची मिशी शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता काढली, आणि तीही शब्दकोशासाठी. घरात हे कोणाला पटलं नसतं, म्हणून त्यांनी आधी सांगितलंच नाही.

झालं होतं असं. कोशाचा 'च' शनिवारी छपाईला जायचा होता आणि 'चिकणा' अडला होता. मूळ शब्द संस्कृत 'चिक्कण', म्हणजे गुळगुळीत. त्यावरून गुळगुळीत चेहऱ्याचा, देखणा पुरुष. एवढं सगळं कोशकारांनी लिहून दिलं होतं. पण मुख्य संपादिकाबाई महाहट्टी. बोलीतला शब्द कोणीतरी आपणहून उच्चारलेला हवा, कोण कोणाबद्दल बोललं ते चिठ्ठीवर हवं, खाली बोलणाऱ्याची सही हवी.

"वदवून घेतलेलं चालणार नाही हं," बाईंनी बजावलं होतं. "चिठ्ठी नाही, तर शब्द नाही."

आता बायको आपणहून असं कधी म्हणेल? नवरा गुळगुळीत झाल्यावर! शिवाय, खरं सांगायचं तर चौपन्नाव्या वर्षी हा शब्द स्वतःबद्दल ऐकायची कोशकारांना दांडगी हौस होती.

घाईत ओठ कापला. त्यावर पट्टी लावून, गालांना बायकोचं क्रीम चोपडून ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. हातात पेन आणि कोरी चिठ्ठी.

"अगं बाई! पडलात कुठे?" बायको किंचाळली.

"नीट बघ. काय वाटतं?"

"ओठ सुजलाय. बसा, बर्फ आणते."

चार दिवस राहायला आलेली मेहुणी धावत आली. "भावोजी, ऑपरेशन कधी झालं तुमचं?"

कोशकार बर्फ घेऊन दाराआड जाऊन बसले. इतक्यात नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. तिशीचा, उंचापुरा, हसरा. तो सिंकखाली शिरला आणि बायको बहिणीच्या कानात पुटपुटली, "काय चिकणा आहे गं!"

"मिळाला!" कोशकार दाराआडून ओरडले. सिंकखाली प्लंबरचं डोकं आपटलं. कोशकारांनी घाईघाईने 'प्लंबरबद्दल' असं लिहून चिठ्ठी पुढे केली. "कर सही."

"काय? अहो, तुमच्या ऑफिसभर फिरेल ती! जीव गेला तरी करणार नाही."

"उद्या छपाई आहे गं!"

"मग चिकण्याशिवाय छापा!"

कोशकारांचा चेहरा पडला. "माझ्याबद्दल कधी म्हणाली असतीस, तर ही वेळच आली नसती."

"म्हणाले होते की!" बायको उसळली. "लग्नाआधी. विचारा हिला."

"हो, भावोजी," मेहुणी म्हणाली. "तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात ना, तेव्हा ताई मला चिमटा काढून म्हणाली, काय चिकणा आहे गं, मिशी तर बघ!"

कोशकारांचा हात ओठाकडे गेला. तिथे पट्टी होती.

"मिशी?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"मग काय? तीच तर होती बघण्यासारखी," बायको म्हणाली आणि मिशीसकट ते वाक्य उतरवलेल्या नव्या चिठ्ठीवर तिने झोकात सही ठोकली. खाली मेहुणीने साक्षीदार म्हणून केली.

शनिवारी बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग 'गुळगुळीत चेहऱ्याचा' यावर लाल काट मारून नुसतं 'देखणा' ठेवलं आणि चष्म्यावरून वर पाहिलं.

"शब्द मंजूर. पण तुमची मिशी कुठे गेली?"

"व्युत्पत्तीत गेली, बाई."