एकशे तीस सेंटिमीटरचं तत्त्व

बाजारातला मासा यापुढे घरात आणायचा नाही, हा निर्णय मी एका बुधवारी, ताटातला मासा संपवून झाल्यावर घेतला. (आधी घेतला असता तर तो मासा वाया गेला असता, आणि अन्न वाया घालवायचं नाही हे माझं आणखी एक तत्त्व आहे.)

मी पाणीपुरवठा कार्यालयात लोकांच्या तक्रारी नोंदवून घेतो. तक्रारी कमी असल्या की वाचत बसतो आणि जास्त असल्या तरी वाचतच बसतो. त्या दिवशी समुद्राचा तळ खरवडत जाणाऱ्या मोठाल्या जाळ्यांवर एक लेख हाती लागला. हव्या त्या माशाबरोबर नको ते कितीतरी जीव त्या जाळ्यांत येतात आणि मेलेले परत पाण्यात फेकले जातात, हे वाचून माझं रक्त उसळलं. ते उसळलेलं रक्त घेऊन मी घरी आलो, जेवलो आणि घोषणा केली.

"यापुढे मासा खायचा तो स्वतः मारलेला. पाण्याखाली जायचं, श्वास रोखायचा, एकच मासा निवडायचा आणि तेवढाच आणायचा. त्यासाठी स्पिअरगन असते. बंदुकीसारखी, पण गोळीच्या जागी भाला."

माझी बायको दंतवैद्य आहे. समोरचा बोलत असला की ती त्याच्या तोंडाकडे एकटक बघते. ऐकतेय की दाढा मोजतेय, हे लग्नाला दोन वर्षं झाली तरी मला ओळखता आलेलं नाही.

"तुला पोहता येतं?" तिने विचारलं.

"कॉलेजात असताना बक्षीस मिळालंय."

"आणि श्वास किती वेळ रोखता येतो?"

"ते तितकंसं महत्त्वाचं नाही."

"माशाला विचारून बघ," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

तिचा हा थंडपणा उगाच नव्हता. याआधी मी लिफ्ट सोडली होती (सहा आठवडे, मग गुडघा), साबण घरी करून पाहिला होता (तो कपड्यांना लागेना आणि हातांचा सुटेना), आणि सज्जात ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं होतं, त्याचं काय झालं ते खालच्या मजल्यावरचे लोक सांगतील. तेव्हा हे तत्त्वही गळून पडलं, तर माझ्या घरात तत्त्व म्हणून काही शिल्लकच राहत नव्हतं.

पुढचे तीन आठवडे घरात मासा आला नाही. मी बटाटे खात स्पिअरगनचा अभ्यास केला. रबराने ओढायची बंदूक चांगली की हवेच्या दाबावर चालणारी? एक रबर की दोन? लाकडी की नळीची? मला खरोखरच चैन पडेना. जेवताना मी बायकोला भाल्याच्या जाडीबद्दल सांगत असे आणि ती कुरकुर न करता बटाटे खात असे. माझ्या तत्त्वाचा तिच्यावर सात्त्विक परिणाम होतोय, असं मला वाटू लागलं होतं.

मग एका सोमवारी ती म्हणाली, "शनिवारी बाबा राहायला येतायत. रविवारी त्यांना जेवणात मासा लागतो, तुला माहीत आहे. रविवारी टेबलावर तुझ्या भाल्याचा मासा असला तर तुझा नियम कायम. मी कधी एक शब्द बोलणार नाही. नसला तर नियम गेला, आणि पुढे जेवताना भाषण नाही. कशावरच."

"कशावरच?"

"दातांच्या ब्रशवरसुद्धा."

मी आव्हान स्वीकारलं. रविवारी सकाळी एक प्रशिक्षक नवशिक्यांना खडकाळ किनाऱ्यावर नेत असे, त्याच्याकडे नाव घातलं. बंदूक तेवढी आपापली आणायची होती. शनिवारी दुपारी कचेरी सुटल्या सुटल्या मी पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो.

दुकानदार पूर्वीचा पाणबुड्या. जन्मभर श्वास वाचवल्यामुळे असेल, शब्दही वाचवून वापरायचा.

"पहिलीच?" त्याने विचारलं.

"पहिलीच. पण वाचन बरंच आहे."

"तिथलं पाणी कसं आहे?"

"निळं."

"दिसतं किती लांबचं?"

"हवा स्वच्छ असली तर पलीकडच्या डोंगरापर्यंत."

"पाण्याखाली," तो म्हणाला.

"तिथे अजून गेलो नाही."

त्याने एक आखूड बंदूक काउंटरवर ठेवली. "पंचाहत्तर सेंटिमीटर. खडकात गढूळ असतं, तीन-चार हात दिसलं तरी खूप. ही वळते पटकन, भरता येते सहज. खरं तर तुम्ही आधी हातभालाच घ्या. काठी आणि रबर. शिकाल."

काठी आणि रबर. तीन आठवड्यांच्या अभ्यासानंतर. मी भिंतीवर सगळ्यांत वर टांगलेल्या बंदुकीकडे बोट केलं. "ती?"

"एकशे तीस. स्वच्छ, खोल समुद्रातली. मोठे मासे. दोन रबरं. तुम्हाला नाही झेपणार."

मग मी त्याला समजावून सांगितलं की, प्रश्न माझ्या सोयीचा नसून माशाच्या यातनांचा आहे. दुबळी बंदूक मासा अर्धमेला करते; जबरदस्त बंदूक एका क्षणात सोडवते. ज्याला मासा मारायचा नैतिक अधिकार हवा, त्याने लांब बंदूक घेतली पाहिजे. दुकानदाराने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं (श्वास रोखून असावा) आणि शिडी आणली.

"एक गोष्ट लक्षात ठेवा," पैसे घेताना तो म्हणाला. "पाण्याबाहेर कधीही भरायची नाही. कधीही. म्हणा."

मी म्हटलं. त्याने माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं.

घरी कोणी नव्हतं. बायको दवाखाना आटोपून वडिलांना आणायला परस्पर स्टेशनवर जाणार होती. बंदूक लिफ्टमध्ये तिरकी बसली, बैठकीच्या खोलीत दिव्याला लागली आणि बोळातून वळताना माझ्यासकट अडकली. पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. दस्ता छातीला टेकवून दोन्ही हातांनी रबर ओढायचं आणि भाल्याच्या खाचेत अडकवायचं, हे वाचलं होतं; पण प्रत्यक्षात किती ओढावं लागतं? रविवारी सगळ्यांसमोर पहिल्यांदा ओढून पाहणं बरं दिसलं नसतं. आत्ताच करून पाहावं, तर पाण्याबाहेर भरायची नाही.

नियम म्हणजे नियम. मी बाथटब भरला.

(पाणी गरम घेतलं. नियमात तापमानाबद्दल काही नव्हतं.)

पाण्याखालचा चष्मा लावून, पोहण्याच्या चड्डीवर मी टबात बसलो. दस्ता छातीला टेकवला आणि रबर ओढलं. पहिल्या खेपेस रबराने मला ओढलं. चौथ्या खेपेस छातीवर दस्त्याचा ठसा उमटला आणि खाचेत रबर अडकलं. एकच, पण अडकलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आता फक्त सेफ्टी लावायची राहिली होती. चापाजवळ एक बारीक खटका होता. तो वर केला की सेफ्टी लागते, की खाली केला की? माहितीपत्रक बाहेर टेबलावर होतं. मी म्हटलं, वर करून पाहू. चाप अगदी हलकेच दाबला की लगेच कळेल.

लगेच कळलं.

भाला न्हाणीघराच्या दारातून आरपार गेला आणि पलीकडे लाकडात काहीतरी मोठा आवाज झाला. मी धडपडत उठून दार ओढलं. ते बोटभरही हलेना. बोळात दारासमोरच आमचं मोठं कपाट आहे. भाला दारातून जाऊन त्या कपाटात शिरला होता, आणि मासा सुटू नये म्हणून टोकाजवळ जे दोन पंख असतात, ते आत छान उघडले होते. दार, भाला आणि कपाट यांचं एकच फर्निचर झालं होतं. आतल्या बाजूला मी.

वीस मिनिटांनी, पाणी कोमट झालेलं असताना, बाहेरच्या दारात किल्ली फिरली. बोळात पावलं आली आणि थांबली.

"आत आहेस का?" बायकोने विचारलं.

"आहे."

"हे दारातून काय आलंय?"

"भाला."

भाल्यावर बोटाने टकटक झाली. मग, "तुला काही लागलंय?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"बरं. मग आता बोलते," ती म्हणाली, आणि बोलली.

तिचं झाल्यावर सासऱ्यांचा आवाज आला. ते सुतार होते. आता निवृत्त झालेत, पण हत्यारांची पिशवी झालेली नाही, ती सगळीकडे सोबत असते. "जावईबापू, हे कपाट मी तुम्हाला लग्नात दिलं होतं."

"हो बाबा."

"साग आहे."

"हो बाबा. म्हणूनच थांबला."

कपाट उघडल्याचा आवाज आला. बायकोने आत वाकून पाहिलं असावं, कारण ती दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "मुळं पसरलीयत. ओढून निघणार नाही, कापावं लागेल." आणि मग एकदम, "बाबा, तुम्ही नका बघू. मी बघते."

"का? सरक बघू. अगं, हे काय, मासे?"

"मासे कुठे?" मी दाराआडून विचारलं.

"कपाटात. ब्लँकेटांच्या मागे," सासरे म्हणाले. "डब्यातले. एक, दोन... सहा डबे आहेत. एकात तुमचा भाला घुसलाय. तेल गळतंय."

चष्म्याच्या आत माझे डोळे विस्फारले. "हे कधीपासून चाललंय?"

"तुझ्या घोषणेच्या दुसऱ्या दिवसापासून," बायको म्हणाली.

"तीन आठवडे तू माझ्यासमोर बटाटे खात होतीस."

"बटाटेही खात होते."

"हा विश्वासघात आहे."

"दार उघडून बाहेर ये, मग बोलू."

सासरे पोलाद कापायला बसले. पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात माझी तात्त्विक बैठक थोडी बदलली. भाला तुटणार, म्हणजे सकाळी समुद्रात जाणं संपलं. मासा नाही, म्हणजे नियम संपला, आणि जन्मभर जेवताना तोंड मिटून बसायचं. मी दाराला तोंड लावून म्हणालो, "ऐक. अट काय होती? टेबलावर माझ्या भाल्याचा मासा. आहे ना?"

करवत थांबली.

"तो डब्यातला आहे," बायको म्हणाली. "बाजारातून आणलेला. तुझा सगळा नियम त्याच्याविरुद्धच आहे."

"अटीत डब्याचा उल्लेख नव्हता."

"मृत्यूचं कारण भाला नाही. हे मी लेखी देते."

"बाबा, तुम्ही सांगा," मी म्हणालो.

"आधी कापू द्या," सासरे म्हणाले. "उद्या जेवताना सांगतो."

रविवारी टेबलावर मधोमध तो मासा होता, बशीत, भाल्याने पडलेल्या भोकासकट. आम्ही दोघं सासऱ्यांकडे बघत बसलो. मी तर घाससुद्धा उचलला नव्हता. त्यांनी माशाचे तीन भाग केले, सगळ्यांना वाढले, स्वतः एक तुकडा खाल्ला आणि मग चौकशी सुरू केली.

"नेम कशावर धरला होता?"

"कशावरच नाही."

"डोळ्यांवर ते काचेचं होतं?"

"होतं. पण वाफेने धुरकटलेलं."

"म्हणजे काही दिसत नव्हतं."

"नव्हतं."

"आणि मासा दाराच्या पलीकडे, कपाटाच्या आत, ब्लँकेटाच्या मागे, डब्यात." त्यांनी मान हलवली. "भाला जावईबापूंचा, मासा टेबलावर. नियम राहिला."

बायकोने काटा खाली ठेवला. मी छाती पुढे काढली (दस्त्याचा ठसा दुखला) आणि जाळ्यांविषयी बोलायला तोंड उघडलं.

"फक्त एक करा," सासरे म्हणाले. "समुद्रातले मासे वाचावेत असं तुम्हाला मनापासून वाटतं ना?"

"मनापासून."

"मग तिथे गेलात की नीट नेम धरून मारत जा."